बाळ बोलतं, ऐकायला कोण आहे?

(पाळणाघर चालवणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषणाचा संपादित भाग)



एका हंगामात मी ऊसतोडीच्या टोळीबरोबर फडावर गेले होते. बांधाला लुगड्याची झोळी, झोळीत पाच महिन्यांचं बाळ आणि झोका द्यायला त्याची आठ वर्षांची बहीण. बाळ हुंकार द्यायचं, की ही तस्साच हुंकार द्यायची, मग थांबायची. बाळ पाय झाडून पुन्हा हुंकारायचं. दोघांच्या गप्पा रंगल्या होत्या. डोक्यावर मोळी घेऊन जाताना आई मला म्हणाली, "ताई, मला वळखंल का हो हे? समदा दिस हिच्यापाशीच असतंय."

तिचा हा प्रश्न कामाला जाणाऱ्या प्रत्येक बाईच्या मनात असतो. म्हणून आज त्याबद्दल बोलायचं आहे.

बाळ आईला ओळखतं. जन्मानंतर दोनतीन दिवसांतच ते परक्या बाईच्या आवाजापेक्षा आईचा आवाज पसंत करतं, हे 1980 साली प्रयोगातून दिसलं. पोटात असल्यापासून ते तिला ऐकत असतं.

आणि बाळ नुसतं ऐकत नाही, संवाद करतं. अमेरिकेत एडवर्ड ट्रॉनिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1978 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. बाळाशी हसत-खेळत असलेल्या आईला काही मिनिटं चेहरा अगदी निर्विकार ठेवायला सांगितलं. बाळानं हसून पाहिलं, हात हलवले, आवाज काढले. तरी उत्तर मिळेना, तेव्हा ते तोंड फिरवून गप्प झालं. पण ट्रॉनिक यांनीच पुढे हेही दाखवलं, की रोजच्या व्यवहारात आई आणि बाळ यांचा सूर सतत जुळलेला नसतोच. तो चुकतो, पुन्हा जुळतो, आणि या पुन्हा जुळण्यातूनच विश्वास तयार होतो. तेव्हा दमून आलेल्या आईनं एखादे वेळी लक्ष दिलं नाही, म्हणून मूल बिघडत नाही.

मग आपल्याला अपराधी कोण वाटायला लावतं? जॉन बोल्बी यांनी 1951 साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी बेघर मुलांबद्दल अहवाल लिहिला. 'आई किंवा तिची जागा कायमची घेणारी व्यक्ती' असं त्यात होतं. समाजानं त्यातली 'आई' तेवढी उचलली आणि बाईला घरी बसवायला हत्यार केलं. पुढे 1964 साली शॅफर आणि इमर्सन यांनी ग्लासगोमधली साठ बाळं पाहिली. दीड वर्षाची होईतो बहुतेकांचा जीव एकाहून अधिक माणसांत गुंतला होता: बाप, आजी, भावंडं. जो सादाला प्रतिसाद देतो, त्याचा बाळाला लळा लागतो. मग तो बाप का नसावा?

आता त्या आठ वर्षांच्या मुलीकडे पाहू. ती उत्तम आईपण करत होती, पण तिची शाळा गावाकडे राहिली होती. एका बाळाची गरज दुसऱ्या मुलीच्या बालपणातून भागवली जात होती. कायद्यात 2017 साली दुरुस्ती होऊन बाळंतपणाची रजा 12 आठवड्यांवरून 26 आठवड्यांवर आली, पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघर बंधनकारक झालं. पण नवराबायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो, उचल मुकादमाकडून मिळते. तिथे ही बाई कामगार म्हणून दिसतच नाही, तर रजा कुणाकडे मागणार?

म्हणून पाळणाघर म्हणजे मुलं सांभाळायची कोंडवाडी खोली नव्हे. एका ताईच्या गळ्यात वीस तान्ही बाळं घातली, तर ती दूध देईल, कपडे बदलेल, पण हुंकाराला हुंकार कधी देणार? आपली मागणी हवी ती पुरेशा तायांची, त्यांना पुरेशा पगाराची, म्हणजे त्या टिकतील. आणि आईला मध्येच येऊन अंगावर पाजता येईल अशा सुट्टीची, मजुरी न कापता.

त्या दिवशी मी त्या आईला एवढंच म्हटलं, "संध्याकाळी आलीस की बघ." संध्याकाळी ती कोपीशी आली, नुसतं "काय गं बाई!" म्हणाली, आणि बाळ बहिणीच्या कडेवरूनच तिच्याकडे झेपावलं. आईनं त्याला घेतलं. बहीण चुलीपाशी गेली, भाकरीचं पीठ मळायला.

बाळाची काळजी मिटली होती. त्या मुलीची मिटायची आहे.