धूर छातीतच थांबत नाही



न्हावऱ्याच्या ऊसपट्ट्यात घरी गॅस असला, तरी अंघोळीचं पाणी पुष्कळदा चुलीवर नाहीतर बंबातच तापतं. सरपण घरचं असतं, सिलिंडर विकतचा. ऊस तुटून गेला की शेतात पाचट पेटतं. रात्री उशाशी डासांची कॉइल जळते.

या धुरानं खोकला येतो, हे आपण जाणतो. मला जास्त काळजी आहे हृदयाची आणि साखरेची. धुरातले सर्वांत बारीक कण केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्श्याहूनही लहान. ते फुप्फुसात खोल उतरतात, अंगात दाह सुरू होतो, रक्तवाहिन्या आखडतात. शांघायच्या ५५ विद्यार्थ्यांच्या खोल्यांत हवा गाळणारी यंत्रं नऊ दिवस जाळीसह आणि नऊ दिवस जाळीविना चालवली. हा अभ्यास २०१७ साली छापून आला. जाळी नसताना ताणाची संप्रेरकं वाढली, रक्तदाब चढला, इन्सुलिनचा गुण कमी झाला. ही तर धडधाकट तरुण मुलं होती!

आपण हे मनावर घ्यायलाच हवं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३पासून पुण्याजवळच्या सहा गावांत अभ्यास केला. आपली बाळं दिसायला किडकिडीत, तरी अंगात चरबी बाळगून जन्मतात, असं त्यांना आढळलं. मधुमेहाची वाट इथूनच सुरू होते. त्यात धुराची भर कशाला?

मग हवा गाळणारं यंत्र घ्यावं का? घरात हृदयरोगी आजी-आजोबा असतील आणि ऐपत असेल, तर त्यांच्या झोपायच्या खोलीत जरूर ठेवा. बारीक कण अडवणाऱ्या हेपा जाळीचं, खोलीच्या मापाचं घ्या. दार-खिडक्या लावून चालवा. उघड्या ओसरीत त्याचा उपयोग नाही. त्या खोलीत कॉइल मात्र नको, मच्छरदाणी लावा. एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके बारीक कण निघतात, असं मोजलेलं आहे. यंत्राला पैसे नसतील, तर निदान बंब अंगणात न्या. एवढ्यानंही घरातला धूर पुष्कळ कमी होईल.

आणि एक सांगतो. शेगडीतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू हेपा जाळीत अडकत नाही. यंत्र चालू आहे म्हणून थंडीत खोली बंद करून, आत शेगडी पेटवून कुणीही झोपू नका.