मोजणी जुळल्याशिवाय टाका नाही

(प्रभागसंघाच्या वार्षिक सभेत एका ओ.टी. इन्चार्ज सिस्टरांनी केलेलं भाषण)



ऑपरेशन म्हटलं की आपल्याला डॉक्टर आठवतात. पण हत्यारं निर्जंतुक झाली का, टेबलावर पेशंट तोच आहे ना, पोटात घातलेलं सगळं बाहेर आलं का, हे बघायची जबाबदारी ज्या बाईवर असते, तिला ओ.टी. इन्चार्ज सिस्टर म्हणतात. सरकारी दवाखान्यात या दर्जाच्या पदाला परिसेविका म्हणतात. हे काम तुमची मुलगी करू शकते, एवढं सांगायला मी आले आहे.

आमचा दिवस ऑटोक्लेव्हपासून सुरू होतो. मोठा प्रेशर कुकरच समजा. १२१ अंशांच्या वाफेत, दाबाखाली, ठरलेली मिनिटं हत्यारं ठेवायची. गठ्ठ्यावरच्या पट्टीवर काळ्या रेघा उमटल्या नाहीत, तर तो गठ्ठा टेबलावर जात नाही. मग कोणत्या टेबलाला कोणती सिस्टर, औषधं, साठा, रजिस्टर, नव्या मुलींना शिकवणं, सगळं इन्चार्जकडे. २००८ साली जागतिक आरोग्य संघटनेनं ऑपरेशनसाठी एक तपासयादी दिली. भूल देण्याआधी, कापण्याआधी आणि पेशंट खोलीबाहेर नेण्याआधी, असं तीनदा थांबून विचारायचं.

आणि मोजणी! एकदा पोटाच्या ऑपरेशनला दहा मॉप दिले होते, परत आले नऊ. मॉप म्हणजे रक्त टिपायचं जाड कापड. रक्तानं भिजलं की आतल्या मांसात ओळखू येत नाही. सर्जन म्हणाले, "आत काही नाही, मी बघितलंय. टाके द्या." माझ्या हाताखालची सिस्टर वयानं लहान, पण ती म्हणाली, "सर, एक कमी आहे. पुन्हा बघा." मी तिच्या बाजूला जाऊन उभी राहिले. सरांनी पुन्हा हात घातला. आतड्याच्या मागं सापडला. सापडला नसता तर एक्स-रे काढला असता, कारण त्या कापडात एक्स-रेत दिसणारा दोरा असतो. त्या दिवशी कुणी शाबासकी दिली नाही. पण नंतर टाका घालण्याआधी सर स्वतः विचारायला लागले, "सिस्टर, मोजणी?"

बायांनो, हे तुम्हाला नवं आहे का? बैठकीत दहा रुपयांचा फरक आला तर तुम्ही सचिवाला वही मिटू देत नाही. समोर सरपंचाची सून असली तरी हिशेब मागता. आमच्या कामाला हाच स्वभाव लागतो.

आता वाट सांगते. नर्स झाल्याशिवाय ओ.टी. सिस्टर होता येत नाही. बारावीनंतर जी.एन.एम. हा ३ वर्षांचा डिप्लोमा. त्याला कला शाखेची मुलगीही चालते, इंग्रजी विषय मात्र हवा. बी.एस्सी. नर्सिंग ४ वर्षांचं, त्याला विज्ञान शाखा आणि जीवशास्त्र लागतं. ए.एन.एम. झालेल्या ताईंनाही पुढं जी.एन.एम. करता येतं. पास झाल्यावर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी करायची. मग स्टाफ नर्स म्हणून ओ.टी.त काम मागून घ्यायचं. ऑपरेशन रूम नर्सिंगचा १ वर्षाचा वेगळा डिप्लोमाही आहे. इन्चार्जपद अनुभवानं येतं, त्याला वर्षं जातात. घाई नको.

एक सावधगिरी. "सहा महिन्यांत नर्स व्हा" असे फलक तालुक्याच्या ठिकाणी लागलेले असतात. तो कागद घेऊन मुलीची कौन्सिलकडे नर्स म्हणून नोंदणी होत नाही आणि भरलेली फी परत मिळत नाही. पैसे देण्याआधी दोनच प्रश्न विचारा: संस्थेला नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे का? कोर्स संपल्यावर नोंदणी होते का? तोंडी उत्तरावर जाऊ नका, कागद बघा. अनेक जिल्हा रुग्णालयांना जोडून सरकारी नर्सिंग शाळा आहेत, तिथं फी कमी असते. आधी तिथं अर्ज करा. जातीचा, उत्पन्नाचा आणि रहिवासी दाखला निकालाची वाट न बघता काढून ठेवा.

रात्रपाळीचं विचाराल. हो, असते. इमर्जन्सी आली तर रात्री दोनलाही यावं लागतं. "पोरगी रात्री बाहेर?" असं सासर-माहेर दोन्हीकडून ऐकावं लागतं. त्यांना एवढंच विचारा, आपल्या घरातली बाई रात्री अडली, सिझर करायची वेळ आली, तर तिच्याजवळ कुणी असावं असं वाटतं?

गटातून आपण शेळीसाठी, शिलाई मशीनसाठी कर्ज देतो. पुढच्या बैठकीत मुलीच्या शिक्षणाचा अर्ज आला, तर तो शेवटचा विषय म्हणून ठेवू नका. संस्थेचा कागद तपासा, हप्ते बसतात का बघा, आणि मंजूर करा.