दुसऱ्या नंबरची गाणी

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर केलेले भाषण. सभासदांच्या आग्रहावरून येथे देत आहोत.)



सेक्रेटरी साहेबांनी मला ‘ऑनलाइन फसवणुकीपासून सावधान’ या विषयावर बोलायला सांगितलं होतं. बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाकडून लोकांना एवढीच अपेक्षा असते. मी म्हटलं, ओटीपी कोणाला देऊ नका. झालं ते भाषण. आता उरलेला वेळ मला माझ्या आवडीच्या विषयावर बोलू द्या. तो विषय म्हणजे विलायती हिट परेडमध्ये दुसऱ्या नंबरवर येऊन थांबलेली गाणी.

आपल्या पिढीला ‘बिनाका गीतमाला’ सांगायची गरज नाही. बुधवार, रात्री आठ, रेडिओ सिलोन आणि अमीन सयानींचा आवाज. आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी गेली होती. ती घालवणारे मंत्री बाळकृष्ण केसकर आपलेच, मराठी! म्हणून सगळा देश सिलोनकडे कान लावून बसला. गीतमाला सुरू झाली ३ डिसेंबर १९५२ ला. आणि गंमत बघा, विलायतेत गाण्यांची पहिली क्रमवारी छापून आली ती त्याच्या तीनच आठवडे आधी, १४ नोव्हेंबर १९५२ ला, ‘न्यू म्युझिकल एक्सप्रेस’ या साप्ताहिकात. म्हणजे आपण आणि साहेब गाण्यांना नंबर द्यायला साधारण एकाच वेळी शिकलो.

ती पहिली क्रमवारी कशी केली होती? पर्सी डिकिन्स नावाच्या गृहस्थांनी वीसेक दुकानांना फोन केले, तुमच्याकडे या आठवड्यात काय खपलं ते विचारलं, आणि बेरीज केली. बस्स. मी चौतीस वर्षं आकडेमोडीत काढली आहेत. कोणी आकडा दाखवला की माझा पहिला प्रश्न असतो, हा कोणी मोजला, कुठे मोजला आणि कोणत्या तारखेला? ३१ मार्चच्या रात्री ठेवींचा आकडा केवढा फुगतो आणि दोन एप्रिलला त्यातलं काय उरतं, हे इथे बसलेल्या बँकवाल्यांना ठाऊक आहे. ते हसताहेत बघा. गाण्यांच्या नंबरांचंही तसंच आहे. दर आठवड्याला तिथे मार्च एंडिंग असतं.

‘बीटल्स’चंच उदाहरण घ्या. १९६३ च्या सुरुवातीला त्यांचं ‘प्लीज प्लीज मी’ आलं. त्या काळी तिकडे चार-पाच पत्रं आपापली क्रमवारी छापत. ‘न्यू म्युझिकल एक्सप्रेस’मध्ये ते पहिलं, ‘मेलडी मेकर’मध्ये पहिलं. ‘रेकॉर्ड रिटेलर’ नावाच्या दुकानदारांच्या पत्रात मात्र दुसरं, कारण तिथे फ्रँक आयफील्डचं ‘द वेवर्ड विंड’ वर बसलेलं. पुढे संदर्भग्रंथ करणाऱ्यांनी त्या वर्षांसाठी हेच दुकानदारांचं पत्र अधिकृत धरलं आणि ‘प्लीज प्लीज मी’ कायमचं दुसरं झालं. २००० साली ‘बीटल्स’च्या पहिल्या नंबरच्या २७ गाण्यांची ‘वन’ नावाची सीडी निघाली, त्यात ते नाही. एका वहीत क्रेडिट, दुसऱ्या वहीत डेबिट, आणि ऑडिटर दुसरी वही मानणार! गाणं तेच, खपही तोच.

आता जिम रीव्ज. हे नाव घेतल्यावर मागच्या रांगेत हालचाल झाली, म्हणजे श्रोते जागे आहेत. मऊ आवाज, दाणेदार उच्चार. इंग्रजी कळत नसलं तरी समजल्यासारखं वाटायचं. त्याचं ‘हीऽल हॅव टु गो’ अमेरिकेत ‘बिलबोर्ड’च्या यादीत १९६० मध्ये दुसऱ्या नंबरपर्यंत चढलं आणि थांबलं. वर कोण होतं? पर्सी फेथच्या ऑर्केस्ट्राची ‘अ समर प्लेस’ची धून, जी नऊ आठवडे हललीच नाही. १९६४ मध्ये रीव्ज विमान अपघातात गेला. दोन वर्षांनी, १९६६ मध्ये, त्याचं ‘डिस्टंट ड्रम्स’ इंग्लंडमध्ये पहिलं आलं आणि त्याने ‘द हू’ या त्या वेळच्या तरण्याबांड बँडच्या ‘आय ॲम अ बॉय’ला दुसऱ्या नंबरवर ठेवलं. जिवंतपणी दुसरा राहिलेला माणूस मेल्यावर दुसऱ्यांना अडवून बसला.

‘क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल’ या अमेरिकन बँडची कथा तर आपल्याकडच्या वेटिंग लिस्टसारखी आहे. १९६९ आणि ७० या दोन वर्षांत त्यांच्या पाच रेकॉर्ड ‘बिलबोर्ड’वर दुसऱ्या आल्या. पाच! पहिली एकही नाही, ना तेव्हा ना नंतर. त्यातल्या ‘ग्रीन रिव्हर’च्या वर होतं ‘शुगर, शुगर’, आर्चीजचं. आर्चीज म्हणजे तेच, कॉमिक्समधले. अस्तित्वात नसलेला बँड! स्टुडिओतल्या गायकांनी गायलेलं गाणं कार्टूनच्या नावावर खपलं आणि हाडामांसाचे चार जण खाली राहिले. पण यांचंच ‘बॅड मून रायझिंग’ अमेरिकेत दुसरं आलं आणि त्याच वर्षी इंग्लंडमध्ये तीन आठवडे पहिलं होतं. समुद्र ओलांडला की नंबर बदलतो.

आता ज्या गाण्यासाठी खरं तर मी हा विषय घेतला त्याकडे येतो. फेब्रुवारी १९६७. ‘बीटल्स’ची एक रेकॉर्ड आली, एका बाजूला ‘पेनी लेन’, दुसऱ्या बाजूला ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर’. त्याआधी ‘फ्रॉम मी टु यू’पासून त्यांची सलग अकरा सिंगल्स इंग्लंडमध्ये पहिली आली होती. ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स’ करताना दोन वेगळ्या चालींची, वेगळ्या पट्टींची ध्वनिमुद्रणं वेग कमीजास्त करून एकमेकांना जोडली होती, आणि सांधा कुठे आहे ते सांगितल्याशिवाय कळत नाही. अशी ही रेकॉर्ड दुसरी आली. बारावा विजय हुकला. हुकवला कोणी? एंगलबर्ट हंपरडिंकने, ‘रिलीज मी’ गाऊन. हे गाणं सहा आठवडे शिखरावर होतं.

हा हंपरडिंक आपल्या मद्रासचा. जन्म १९३६, खरं नाव अर्नोल्ड जॉर्ज डॉर्सी, वडील ब्रिटिश फौजेत. लहानपणीच घराणं लेस्टरला गेलं. ‘एंगलबर्ट हंपरडिंक’ हे नाव एका जुन्या जर्मन संगीतकाराचं उसनं घेतलेलं. लंडन पॅलेडियमच्या टीव्हीवरच्या कार्यक्रमात एक गायक आजारी पडला म्हणून याला उभं केलं आणि दुसऱ्या दिवसापासून रेकॉर्डला मागणी सुटली. बदली कारकून म्हणून आला आणि मॅनेजर होऊन बसला.

या गाण्यावरून आमच्या घरी चाळीस वर्षं वाद होता. मी ‘बीटल्स’चा, माझी पत्नी हंपरडिंकची. ती कल्याणच्या रेल्वे कॉलनीत वाढली. शेजारी अँग्लो-इंडियन कुटुंबं, त्यांच्याकडे रेकॉर्ड प्लेअर, त्यामुळे जिम रीव्ज आणि हंपरडिंक तिच्या कानात आरतीसारखे बसलेले. मी गिरगावच्या चाळीतला, मर्फीच्या सेटला ओला टॉवेल लावून (कोणीतरी सांगितलं होतं की त्याने स्टेशन स्पष्ट लागतं) सिलोन ऐकणारा. मी तिला म्हणायचो, जगाने केलेला हा अन्याय बघ, असलं रडकं गाणं वर आणि ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स’ खाली! एकदा ती कणीक मळता मळता म्हणाली, “तुमचं ते गाणं मोठं असेल हो. पण ते ऐकायचं असतं. माझं म्हणता येतं. कामं करताना म्हणता येईल असं गाणं लोक विकत घेणारच ना?”

मी त्यावर तेव्हा काय बोललो ते आठवत नाही. पण हे उत्तर मला कुठल्याही समीक्षकाच्या लेखात मिळालेलं नाही. दहा लाखांवर माणसांनी ती ‘रिलीज मी’ घेतली. त्यांत भांडी घासणाऱ्या, इस्त्री करणाऱ्या, दिवसभर दुसऱ्यांची कामं उपसणाऱ्या किती बाया असतील! गाणं आहे नको झालेल्या नात्यातून सुटका मागणारं. दुसऱ्या नंबरच्या गाण्यांची बाजू घेणारे आम्ही लोक पहिल्याला हसतो, पण ज्याने पैसे मोजून तो पहिला केला त्याला काहीतरी हवं होतं, हे विसरतो.

आमच्या बँकेत एका वर्षी प्रमोशनची यादी लागली. जागा चौदा, माझा नंबर पंधरावा. मला दोन रात्री झोप नव्हती. चौदावा आलेला माझ्याहून वशिल्याचा, हे मी घरी दहा वेळा बोललो असेन. अकराव्या वेळी हिने विचारलं, “त्याच्या घरी कोण कोण आहे?” आजारी आई, दोन लहान भाऊ, एकट्याचा पगार. त्यानंतर माझी झोप सुधारली असं नाही, पण ते बोलणं बंद झालं. पत्नीला जाऊन आता सहा वर्षं झाली. जुन्या सभासदांना ती आठवत असेल, गणपतीत प्रसादाचं खातं तिच्याकडे असायचं.

पुढे जातो, वेळ कमी आहे.

आपल्या सोसायटीचं रौप्यमहोत्सवी वर्ष आहे, तर एका रौप्यमहोत्सवाची गोष्ट सांगायलाच हवी. जून १९७७, राणी एलिझाबेथच्या राज्याभिषेकाची नव्हे, राज्यारोहणाची पंचवीस वर्षं. ऐन त्या सोहळ्यात ‘सेक्स पिस्टल्स’ या टारगट पोरांनी राष्ट्रगीताचंच नाव देऊन राणीची खिल्ली उडवणारं गाणं काढलं. बीबीसीने बंदी घातली, काही दुकानांनी ठेवायला नकार दिला, तरी ते धडाधड खपलं. अधिकृत यादीत दुसरं आलं, वर रॉड स्टुअर्ट. ‘न्यू म्युझिकल एक्सप्रेस’च्या यादीत मात्र ते पहिलं होतं. यादीत हातचलाखी झाली अशी शंका तिकडे आजही घेतात. सिद्ध कोणी केलेलं नाही. सोसायटीच्या निवडणुकीनंतर जशी घेतात तशी. (अध्यक्ष महोदय, हे सर्वसाधारण विधान आहे.)

आपल्या महाराष्ट्राचाही एक दुसऱ्या नंबरवाला आहे. पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकलेला पारशी मुलगा, फ्रेडी मर्क्युरी. त्याच्या ‘क्वीन’चं ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ नऊ आठवडे पहिलं होतं, ते सगळ्यांना माहीत आहे. पण ‘किलर क्वीन’ दुसरं, ‘समबडी टु लव्ह’ दुसरं, ‘रेडिओ गा गा’ दुसरं. आणि जगातल्या प्रत्येक मैदानावर चषक उंचावताना वाजतं ते ‘वी आर द चॅम्पियन्स’? १९७७, इंग्लंडमध्ये दुसरं!

‘अल्ट्राव्हॉक्स’चं ‘व्हिएन्ना’ १९८१ मध्ये चार आठवडे दुसऱ्या नंबरवर उभं होतं. पहिल्या आठवड्यात वर जॉन लेनन. तो नुकताच मारला गेला होता, त्यामुळे त्याबद्दल कोणाची तक्रार नाही. उरलेले तीन आठवडे वर होतं जो डॉल्सेचं ‘शडप यू फेस’, इटालियन आईची नक्कल करणारं विनोदी गाणं. पुढे बीबीसी रेडिओ टूच्या श्रोत्यांनी कौल दिला आणि दुसऱ्या नंबरच्या गाण्यांत ‘व्हिएन्ना’ला पहिलं ठरवलं. मला हा बहुमान थोडा गमतीचा वाटतो. नापासांत पहिला.

शेवटचं उदाहरण जॉर्ज मायकेलचं. १९८४ चा नाताळ, ‘व्हॅम’चं ‘लास्ट ख्रिसमस’. दुसरं आलं. वर होती ‘बँड एड’ची इथिओपियाच्या दुष्काळासाठी काढलेली रेकॉर्ड, आणि तिच्यात गाणाऱ्यांमध्ये जॉर्ज मायकेल स्वतः होता! त्याने स्वतःलाच अडवलं, आणि वर ‘लास्ट ख्रिसमस’ची मानधनाची रक्कमही दुष्काळनिधीला देऊन टाकली. पुढे दर डिसेंबरला ते गाणं वाजत राहिलं, पण वाजणं मोजत नव्हते, विक्री मोजत होते. २०१४ पासून इंग्लंडच्या यादीत इंटरनेटवर ऐकलेलंही मोजायला लागले. आणि १ जानेवारी २०२१ च्या यादीत, छत्तीस वर्षांनी, ‘लास्ट ख्रिसमस’ पहिलं आलं. गाण्यात एक सूर बदललेला नव्हता, मोजायची रीत बदलली. जॉर्ज मायकेल मात्र २०१६ च्या नाताळच्या दिवशीच गेला होता.

चहा आलेला दिसतोय, मी थांबतो. दुसऱ्या मजल्यावरच्या चिरंजीवांनी फोनला स्पीकर जोडून ठेवला आहे. आधी ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स’ लावणार आहेत. त्यानंतर ‘रिलीज मी’, आणि ज्यांना ते म्हणता येतं त्यांनी जोरात म्हणावं, चहा थंड झाला तरी चालेल.