पोर्चचा दिवा लावायचा की नाही?



मागच्या आठवड्यात कार्यक्रम संपल्यावर एका मैत्रिणीने आम्हाला फोन करून विचारलं, "यंदा हॅलोवीनला कँडी आणू की नको? गेल्या वर्षी आणलेल्या दोन पिशव्यांतली दीड पिशवी उरली. डिसेंबरपर्यंत आम्हीच खात बसलो." दुसरी म्हणाली, "आमच्याकडे तर कोणी फिरकलंच नाही. ही पद्धत संपत चालली बहुतेक." मग आम्ही सगळ्याजणींनी यावर बसून बोलायचं ठरवलं. त्या बोलण्यातून जे निघालं, ते आज तुमच्यासमोर ठेवतो.

न्यू जर्सीला नुकत्याच आलेल्या मैत्रिणींसाठी आणि इकडे मुलांकडे राहायला आलेल्या आई-सासूबाईंसाठी आधी थोडं सांगायला हवं. ३१ ऑक्टोबरला संध्याकाळी मुलं सोंगं काढून घरोघर जातात. कोणी भूत, कोणी राजकन्या, कोणी स्पायडरमॅन. बेल वाजवतात आणि म्हणतात, "ट्रिक ऑर ट्रीट!" म्हणजे खाऊ द्या, नाहीतर खोडी काढू. आपण कँडी द्यायची, सोंगाचं कौतुक करायचं. याला एक न लिहिलेला नियम आहे. पोर्चचा दिवा लागलेला असेल तर या, बंद असेल तर पुढे जा. एवढ्या एका दिव्यावर हा सगळा व्यवहार चालतो.

आयर्लंड-स्कॉटलंडहून आलेल्या लोकांनी हा सण अमेरिकेत आणला. तिकडे सलगम कोरून त्यात दिवा ठेवत, इथे भोपळा मिळाला. पण मुलांनी घरोघर कँडी मागत फिरणं हे आपल्याला वाटतं तितकं जुनं नाही. ते अमेरिकेत पसरलं १९३०च्या दशकात. दुसऱ्या महायुद्धात साखरेचं रेशनिंग आलं, तेव्हा ते थंडावलं. १९४७ साली साखर मोकळी झाली, शहरांबाहेर नवी घरं उठली, घराघरांत लहान मुलं होती, आणि या प्रथेने खरा जोर धरला. म्हणजे ही आपल्या आजीच्या वयाची प्रथा आहे, हजार वर्षांची नव्हे.

आणि अशा प्रथा मरतातही. आपल्या शेजारच्या न्यूयॉर्कमध्ये पूर्वी थँक्सगिव्हिंगच्या दिवशी मुलं फाटके कपडे आणि मुखवटे घालून पैसे, फळं, मिठाई मागत फिरायची. १९३०-४० नंतर ती पद्धत हळूहळू बंद पडली. आज तिथे जन्मलेल्या माणसालाही ती ठाऊक नसते. तेव्हा "संपत चालली का" हा प्रश्न उगाच नाही.

मग हॅलोवीन संपतोय का? दुकानात जाऊन बघितलं तर मुळीच नाही. ऑगस्टमध्येच सांगाडे टांगलेले असतात. इथल्या किरकोळ व्यापाऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेने २०२३ साली अंदाज दिला होता, तो हॅलोवीनवरच्या १,२२० कोटी डॉलर खर्चाचा. अंगणात बारा फुटी सांगाडा उभा करणारी घरं आपण बघतोच. तेव्हा सण जोरात आहे. पातळ झाली आहे ती दारावरची थाप, आणि तीही सगळीकडे सारखी नाही. आमच्यातल्या एकीच्या रस्त्यावर नऊ वाजेपर्यंत रांग असते, कारण तिथे घरं जवळजवळ आहेत, फूटपाथ आहे, सजावट दांडगी आहे. आजूबाजूच्या वस्त्यांतले आईबाप मुलांना गाडीत घालून तिथे आणतात. आणि ज्या गल्ल्यांतून ती मुलं निघून आली, त्या गल्ल्यांत दिवा लावून बसलेली माणसं वाट बघत राहतात.

याची कारणं आम्ही मांडून बघितली. पहिलं कारण साधं आहे, मुलंच कमी झाली. २००७ साली अमेरिकेत ४३ लाखांवर मुलं जन्मली, २०२३ साली ३६ लाखांच्या आसपास. शिवाय घरं महाग. ज्यांची मुलं मोठी होऊन गेली ते त्याच घरात राहतात, आणि लहान मुलांचे आईबाप अपार्टमेंटमध्ये. आमच्या काही गल्ल्यांत आज खेळण्यांपेक्षा वॉकर जास्त दिसतात.

दुसरं कारण म्हणजे पार्किंग लॉट. शाळा आणि चर्च आता त्यांच्या आवारात गाड्या रांगेत लावतात, डिक्या उघडून सजवतात, आणि मुलं घरोघर जाण्याऐवजी डिकी-डिकी फिरतात. त्याला म्हणतात 'ट्रंक ऑर ट्रीट'. अर्ध्या तासात पिशवी भरते, रस्ता ओलांडावा लागत नाही, पाऊस आला तर गाडीत बसता येतं. ज्यांची घरं हमरस्त्यावर आहेत किंवा एकमेकांपासून मैलभर लांब आहेत, त्यांच्यासाठी ही सोय चांगलीच. पण ती बहुधा आधीच्या शनिवारी होते, आणि मग ३१ तारखेला मुलं म्हणतात, "झालं की आमचं."

तिसरं कारण भीती. कँडीत विष, सफरचंदात ब्लेड, हे आपण सगळ्यांनी ऐकलंय. इथे आल्यावर पहिल्याच वर्षी ऑफिसातल्या कोणीतरी आपल्याला सांगितलेलं असतं. डेलावेअर विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट यांनी १९५८ सालापासूनच्या बातम्या तपासल्या आहेत. अनोळखी माणसाने वाटलेल्या खाऊने मूल दगावल्याचा किंवा गंभीर जखमी झाल्याचा एकही सिद्ध झालेला प्रकार त्यांना सापडलेला नाही. १९७४ साली टेक्ससमध्ये एक आठ वर्षांचा मुलगा विषारी कँडीने गेला, हे खरं. पण ते विष घालणारा कोणी परका नव्हता. विम्याच्या पैशांसाठी हे करणारा त्याचा बापच होता.

खरा धोका मोटारींचा आहे. २०१९ साली अमेरिकेतल्या बालरोगाच्या एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात १९७५ ते २०१६ या ४२ वर्षांचा अभ्यास छापून आला. एक आठवडा आधीच्या आणि नंतरच्या संध्याकाळींपेक्षा हॅलोवीनच्या संध्याकाळी पायी चालणाऱ्यांच्या मृत्यूंचा धोका ४३ टक्क्यांनी जास्त होता, आणि लहान मुलांमध्ये तर कितीतरी अधिक. म्हणजे कँडी उलटसुलट करून बघण्यात आपण जेवढा वेळ घालवतो, तेवढा मुलाच्या काळ्या झग्याला चमकणारी पट्टी चिकटवण्यात घालवला तर उपयोग होईल. आणि मुलांना गाडीने दुसऱ्या वस्तीत नेण्याने रस्त्यावरच्या गाड्या वाढतातच.

आता मैत्रिणींनो, चौथं कारण. ते सांगताना आम्हाला थोडं ओशाळं वाटलं, कारण ते कारण आम्हीच आहोत. आमच्यापैकी निम्म्याजणींनी पहिली काही वर्षं दिवा बंद ठेवला होता. एकीला वाटायचं, मुलांनी दारोदार मागत फिरायचं, हे कसलं वळण? एकीच्या सासूबाईंना भुताखेतांची सोंगं नकोशी वाटायची, ती सुद्धा ऐन दिवाळीच्या दिवसांत. एकीला फक्त भीती वाटायची, की दार उघडल्यावर काय बोलायचं ते आपल्याला येणार नाही. म्हणून स्वयंपाकघराचा तेवढा दिवा ठेवून, पडदे ओढून, टीव्हीचा आवाज बारीक करून बसायचं. बाहेर पावलं वाजायची, थबकायची आणि पुढे निघून जायची.

हे बोलणं चाललं असताना एकीने भोंडल्याची आठवण काढली, आणि सगळ्या एकदम गप्प झाल्या. हस्त नक्षत्राच्या दिवसांत आपण रोज कोणाच्या ना कोणाच्या अंगणात जायचो. पाटावर हत्ती, भोवती फेर, गाणी, आणि शेवटी झाकलेला डबा वाजवून खिरापत ओळखायची. आठ घरं झाली की आठ घरांची स्वयंपाकघरं, आठ घरांच्या आज्या माहीत व्हायच्या. दसऱ्याला आपट्याचं सोनं घेऊन घरोघर जायचो, अनोळखी घरातल्या आजोबांनाही वाकून नमस्कार करायचो. त्याला कोणी भीक म्हटलं नाही.

आणि आज? भोंडला बंद पडलेला नाही. इथली मराठी मंडळंही तो करतात. पण एका शनिवारी, शाळेच्या हॉलमध्ये, माइकवर गाणी, आणि खिरापत केटररकडून, सगळ्यांना एकच. छान होतो, आम्हीही जातो. पण कोणाच्या अंगणात जाणं त्यात नाही. हत्ती हॉलमध्ये आला आणि अंगण मागे राहिलं. तेव्हा पार्किंग लॉटमधल्या डिक्यांना नावं ठेवण्याआधी आपण आपल्याकडे बघावं, हे बरं.

पण या सगळ्यात बिघडलं काय? मुलांना कँडी मिळते, मजा होते. हेच आम्हीही एकमेकींना विचारलं. तेव्हा आमच्यातल्या एकीने तिच्या कोपऱ्यावरच्या आजींबद्दल सांगितलं. त्या एकट्या राहतात. दर हॅलोवीनला दार उघडं टाकून, आत खुर्चीत बसून, मांडीवर कँडीचा मोठा वाडगा घेऊन वाट बघायच्या. मुलांना विनोद सांगायला लावायच्या, मगच कँडी. त्या मूळच्या आयोवाच्या. तिकडे डे मॉइन शहरात मुलाने आधी विनोद सांगायचा आणि मग खाऊ घ्यायचा, अशी जुनी रीत आहे. आपल्या खिरापत ओळखण्यासारखंच झालं ते. आमच्या मैत्रिणीच्या मुलाने आयुष्यातला पहिला इंग्रजी विनोद त्यांच्या दारात सांगितला.

मग तिची मुलं मोठी झाली. गल्लीत दुसरी लहान मुलं फारशी नव्हती, होती ती गाडीत बसून सजवलेल्या रस्त्याकडे जायची. एका वर्षी आजींचा दिवा लागला नाही. आमच्या मैत्रिणीने तो बंद दिवा बघितला, "यंदा कँडी आणली नसेल" असं मनाशी म्हटलं आणि पुढे गेली. थँक्सगिव्हिंगनंतर कळलं, की त्या सप्टेंबरमध्ये पडल्या होत्या, खुब्याचं हाड मोडलं होतं, आणि दोन महिने पुनर्वसन केंद्रात होत्या. दोन महिने एका घरात माणूस नव्हतं आणि गल्लीला पत्ता नव्हता. आमची मैत्रीण म्हणाली, "वर्षातून एकच दिवस मी त्यांच्या दारात जात होते. तोही मुलांच्या निमित्ताने."

त्या नंतर घरी आल्या, आता काठी घेऊन चालतात. पण ही गोष्ट आमच्या मनातून जात नाही. या देशात फोन केल्याशिवाय कोणी कोणाच्या दारात जात नाही. न सांगता बेल वाजवावी आणि समोरच्याने हसून दार उघडावं, असा वर्षातला हा एकच दिवस. नव्याने आलेल्या बाईला शेजार कळण्याची आणि शेजाराला ती कळण्याची सोपी संधी. डिकीतून कँडी मिळते, पण डिकीमागे घर नसतं.

म्हणून आमचं उत्तर असं आहे. हॅलोवीन संपत नाही. घरोघर जाणं मात्र जिथे दिवे बंद होतात तिथे संपतं, आणि ते मुलांच्या हातात नाही, आपल्या हातात आहे. २०१२ साली सँडी वादळाने न्यू जर्सीत वीज गेली, झाडं पडली, तारा लोंबत होत्या, तेव्हा गव्हर्नरांनी आदेश काढून हॅलोवीन ५ नोव्हेंबरवर ढकलला होता. २०२० साली करोनात लोकांनी लांब नळीतून कँडी खाली सोडली. ज्यांना करायचं होतं त्यांनी वाट काढली.

आम्ही काय ठरवलंय ते सांगतो. पटलं तर तुम्हीही करा. साडेपाचला दिवा लावायचा. बेलची वाट बघत आत बसण्यापेक्षा ड्राइव्ह-वेवर टेबल-खुर्ची मांडून बाहेर बसायचं, दोन-तीन घरांनी मिळून बसलं तर उत्तम, गप्पाही होतात. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलांसाठी पेन्सिली, स्टिकर असं वेगळ्या वाडग्यात ठेवायचं. अशा घरासमोर निळसर हिरवा भोपळा ठेवतात, ती खूण आईबाप ओळखतात. आपली मुलं आधी आपल्या गल्लीत चालत न्यायची, दिवा असलेलं एकही घर न सोडता. नंतर हवं तर मोठ्या रस्त्यावर जा. मिसरूड फुटलेली मुलं आली तरी "आता मोठे झालात" म्हणून परत पाठवायचं नाही. त्या संध्याकाळी ती आपल्या दारात आहेत, यात आनंदच आहे. आणि जिथे दरवर्षी दिवा असायचा तिथे तो नसेल, तर दुसऱ्या दिवशी जाऊन बेल वाजवायची.

ज्यांना सोंगं आवडत नाहीत, ज्यांच्या श्रद्धेत ते बसत नाही, त्यांनी दिवा बंद ठेवावा, त्यात काही चूक नाही. फक्त "काय बोलायचं ते येत नाही" म्हणून बंद ठेवू नका. दोनच शब्द लागतात, "हॅपी हॅलोवीन". बाकीचं मुलं बोलतात.

फोन करणाऱ्या मैत्रिणीला आमचं उत्तर: कँडी आण, पण एकच पिशवी. उरली तर कोपऱ्यावरच्या घरी घेऊन जा.