तिजोरीचा पहारा कोणाचा?



कामगार संघटनेच्या कार्यकर्त्याने वसंत व्याख्यानमालेत येऊन बँकांच्या संगणकांविषयी बोलावे, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. संगणकशास्त्राची पदवी माझ्याजवळ नाही. खरे सांगावयाचे तर कसलीच पदवी नाही. जे काही वाचले ते पाळी संपल्यावर, वाचनालयाच्या बाकावर बसून. परंतु ज्या कामगारांमध्ये माझे आयुष्य गेले, त्यांचा पगार एके काळी पाकिटातून हातात पडत असे आणि आज तो बँकेच्या खात्यात आकडा होऊन जमा होतो. पाकीट खिशात होते तेव्हा ते सांभाळणे ज्याचे त्याच्या हाती होते. त्याचा आकडा झाला आणि सांभाळण्याचे काम दुसऱ्याकडे गेले. मग तो दुसरा कोण आहे, तो जागा आहे की झोपी गेला आहे, हे विचारण्याचा अधिकार ज्याने घाम गाळला त्याला आहे की नाही? एवढाच माझा आजचा विषय आहे.

उदाहरणासाठी दूर जाण्याचे कारण नाही. 1906 साली याच पुण्यात स्थापन झालेली कॉसमॉस सहकारी बँक आपणां सर्वांना ठाऊक आहे. या सभागृहातही तिचे सभासद आणि ठेवीदार असतील. 11 ऑगस्ट 2018 हा महिन्याचा दुसरा शनिवार, म्हणजे बँकांना सुट्टी. त्या दिवशी अवघ्या काही तासांत जगातील 28 देशांमधल्या एटीएम यंत्रांतून या बँकेच्या बनावट कार्डांनी पैसे काढले गेले. परदेशांत सुमारे 78 कोटी आणि भारतात, कोल्हापूरसारख्या आपल्या शहरांतूनसुद्धा, सुमारे अडीच कोटी. एकूण व्यवहार चौदा हजारांहून अधिक! पुढे सोमवारी, 13 ऑगस्टला, आणखी सुमारे 14 कोटी रुपये हाँगकाँगच्या एका बँकेतील एका व्यापारी कंपनीच्या खात्यात धाडले गेले. दोन दिवसांच्या या लुटीची बेरीज 94 कोटींच्या घरात गेली. गणेशखिंड रस्त्यावरच्या मुख्य कचेरीचे कुलूप फुटले नाही, की कोणी पिस्तूल रोखले नाही.

हे घडले तरी कसे? आपण एटीएममध्ये कार्ड घालतो तेव्हा ते यंत्र स्वतःच्या मनाने पैसे देत नाही. ते बँकेला विचारते, "या माणसाच्या खात्यात एवढी रक्कम आहे काय? देऊ काय?" हा प्रश्न बँकेच्या खतावणीपर्यंत नेणारी आणि तिथून उत्तर आणणारी एक मधली यंत्रणा असते, तिला स्विच म्हणतात. चोरांनी बँकेच्या जाळ्यात शिरून या खऱ्या स्विचच्या जोडीला एक खोटा स्विच उभा केला. तो खतावणीला काही विचारतच नव्हता. बनावट कार्डाचा प्रश्न आला की परस्पर "द्या" म्हणून मोकळा होत होता. भाऊसाहेबांच्या तोतयाची गोष्ट पुणेकरांना सांगावयास नको. हा तोतया मात्र दरबारात कोणासमोर उभाच राहिला नाही. त्याचा नुसता हुकूम चालला.

दुसरी रक्कम गेली ती स्विफ्ट नावाच्या व्यवस्थेतून. जगभरच्या बँका एकमेकींना पैसे देण्याचे संदेश या व्यवस्थेतून धाडतात. आपल्या जुन्या पेढ्यांची हुंडी जशी नुसत्या चिठ्ठीवर काशीपर्यंत वटत असे, तशीच ही हुंडी. चिठ्ठीवरची खूण खरी दिसली की पलीकडचा पैसे देतो. खूण करणारा हात कोणाचा, हे त्याला दिसत नाही.

बँकेने तेव्हा स्पष्ट केले की ग्राहकांच्या खात्यांतून एक पैसाही गेलेला नाही. तोटा बँकेच्या स्वतःच्या निधीला लागला. ते खरे आहे, आणि त्याने पुष्कळांचा जीव भांड्यात पडला. परंतु सहकारी बँकेचा स्वतःचा निधी म्हणजे कोणाचा निधी? भाग विकत घेऊन सभासद झालेल्या शिक्षकांचा, दुकानदारांचा, कारकुनांचा, कामगारांचा. सहकारात मालक आणि गिऱ्हाईक एकच असतात. म्हणून तिथे तोटासुद्धा दुसऱ्या कोणाचा नसतो.

आता कोणी म्हणेल, ही एका नागरी बँकेची गोष्ट झाली. मोठ्या बँका, देशाची मध्यवर्ती बँक, तिथे असे थोडेच घडते? घडले आहे. कॉसमॉसच्या आधी अडीच वर्षे, फेब्रुवारी 2016 मध्ये, बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेचेच पैसे चोरीला गेले. या बँकेची ठेव न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेत होती. चोरांनी ढाक्याच्या संगणकांत शिरून स्विफ्टमधून 35 खोटे हुकूम न्यूयॉर्कला धाडले. मागणी होती सुमारे 95 कोटी डॉलरची! त्यांतले बहुतेक हुकूम अडले. पण 8 कोटी 10 लाख डॉलर फिलिपीन्समध्ये पोहोचले आणि तिथल्या जुगारघरांत विरून गेले.

चोरांनी निवडलेला मुहूर्त पाहा. दिवस गुरुवार, वेळ रात्रीची. बांगलादेशात शुक्रवार-शनिवार सुट्टी, न्यूयॉर्कमध्ये शनिवार-रविवार सुट्टी, आणि सोमवारी मनिलात चिनी नववर्षाची सुट्टी. इकडचा जागा होतो तेव्हा तिकडचा झोपलेला! ढाक्यात स्विफ्टचे संदेश छापणारे यंत्र बंद पडलेले आढळले. यंत्रे बिघडतातच, असे म्हणून त्याकडे दुर्लक्ष झाले. पुण्यात दुसरा शनिवार, ढाक्यात गुरुवारची रात्र. चोराने संगणकाची विद्या शिकली असेल, पण त्याने पहिल्यांदा अभ्यासले ते आपले सुट्ट्यांचे कॅलेंडर.

याच प्रकरणातली आणखी एक हकीकत मला फार मोलाची वाटते. त्या खोट्या हुकुमांपैकी 2 कोटी डॉलरचा एक हुकूम श्रीलंकेतील एका संस्थेच्या नावे होता. संस्थेच्या नावातला 'फाउंडेशन' हा शब्द चोरांनी चुकीचा लिहिला. पैसे ज्या मधल्या बँकेतून जावयाचे होते, तिथे ती चूक नजरेस आली, विचारणा झाली, व्यवहार थांबला आणि ती रक्कम वाचली. विचार करा, कोट्यवधींची यंत्रणा "हो, हो" म्हणत होती आणि पैसा वाचला तो शुद्धलेखनाकडे लक्ष देणाऱ्या एका नजरेने आणि "थांबा, एकदा विचारून घेऊ" या वाक्याने.

मित्रहो, हे वाक्य उच्चारणे सोपे नसते. कारखान्यात मी ते पाहिले आहे. यंत्राचा आवाज बदलल्याचे सर्वांत आधी कळते ते त्यावर उभ्या असलेल्या माणसाला. पण उत्पादन थांबविले तर साहेब रागावतील, आणि कंत्राटी असेल तर उद्या फाटक बंद होईल, या भीतीने तो गप्प बसतो. आणि मग कोणाची तरी बोटे जातात. एका कारखान्यात प्रेस यंत्रावरची जाळी उत्पादन वाढावे म्हणून काढून ठेवलेली असे. ते सर्वांना ठाऊक होते. बोलत कोणी नव्हते. बँकेतही तेच आहे. रात्रपाळीला पडद्यासमोर बसलेल्या तरुणाला एकाच बँकेच्या कार्डांवर अनेक देशांतून एकाच वेळी पैसे निघताना दिसले, तर यंत्रणा बंद करण्याचा अधिकार त्याला आहे काय? संशय खोटा ठरला तर त्याची नोकरी राहील काय? या दोन प्रश्नांची उत्तरे लेखी नसतील, तर पहारा नुसता नावाचा आहे असे समजावे.

यंत्रच यंत्रावर नजर ठेवील, माणूस हवा कशाला, असा एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. यंत्राने नजर अवश्य ठेवावी. हजारो व्यवहारांतली विसंगती माणसापेक्षा ते लवकर टिपते. पण घंटा वाजल्यावर उठून दार लावणारा कोणी घरात नसेल, तर ती घंटा शेजाऱ्यांची झोपमोड तेवढी करील.

नियम झालेले नाहीत असे नाही. बांगलादेशच्या चोरीनंतर चार महिन्यांत, 2 जून 2016 रोजी, रिझर्व्ह बँकेने बँकांसाठी सायबर सुरक्षेचा आराखडा घालून दिला. यासाठी संचालक मंडळाने मंजूर केलेले वेगळे धोरण असावे, जाळ्यावर अखंड नजर असावी, आणि हल्ला झाला तर दोन ते सहा तासांत रिझर्व्ह बँकेला कळवावे, असे त्यात सांगितले. नागरी सहकारी बँकांसाठी असा मूलभूत आराखडा आला तो 19 ऑक्टोबर 2018 रोजी, म्हणजे कॉसमॉसनंतर दोन महिन्यांनी. पुढे 31 डिसेंबर 2019 रोजी या बँकांचे चार स्तर पाडले गेले. जिची संगणकी कामे अधिक, तिच्यावर बंधने अधिक. ही योजना शहाणपणाची आहे. परंतु तारखा पाहिल्या म्हणजे ध्यानात येते की आग लागल्यावर विहिरीकडे धावण्याची आपली सवय जुनीच आहे.

आणि नियम बँकेच्या दारापाशी थांबत नाही. लहान बँका आपली संगणकी कामे बाहेरच्या कंपन्यांकडे देतात. ते खर्चाच्या दृष्टीने अपरिहार्यही असते. जुलै 2024 च्या अखेरीस सी-एज टेक्नॉलॉजीज या अशा एका कंपनीवर खंडणीखोर विषाणूचा हल्ला झाला. रोग पसरू नये म्हणून राष्ट्रीय देयक निगमाने त्या कंपनीची जोडणी तात्पुरती तोडली, आणि सुमारे 300 लहान बँकांचे देयक व्यवहार अडकले. गावातल्या ज्या शेतकऱ्याला त्या दिवशी पैसे काढावयाचे होते, त्याने या कंपनीचे नावही कधी ऐकलेले नव्हते. काम कंत्राटाने देता येते. जबाबदारी कंत्राटाने देता येत नाही. हे तत्त्व आम्ही कामगार चळवळीत वर्षानुवर्षे मांडत आलो. आता ते ठेवीदारांनीही मांडले पाहिजे.

आता शिक्षेकडे वळू. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञमंडळाने 2019 च्या आपल्या अहवालात कॉसमॉसवरील हल्ल्याचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला. इकडे एप्रिल 2023 मध्ये पुण्याच्या न्यायालयाने 11 जणांना दोषी ठरविले. हे 11 जण कोण? बनावट कार्डे घेऊन यंत्रांतून पैसे काढणाऱ्या टोळीतले लोक. ज्यांनी तो तोतया स्विच रचला त्यांच्यापैकी कोणी इथल्या पिंजऱ्यात उभा राहिला नाही. गुन्हा तो गुन्हाच. त्याची तरफदारी मी करणार नाही. पण तरुणांना मला सांगावयाचे आहे. कोणी चार पैसे देऊन तुमचे खाते, तुमचे कार्ड भाड्याने मागील, "फक्त काढून दे, तुझा वाटा ठेव" म्हणेल. कॅमेऱ्यात चेहरा तुमचा दिसेल, बेडी तुमच्या हातात पडेल, आणि मुख्य सूत्रधार समुद्रापलीकडे सुखाने जेवत असेल. बेकारांच्या वस्तीत ही भरती चालते, हे आपण सर्वांनी ओळखून असावे.

मग आपण काय करावयाचे? प्रत्येकाने घरापुरते एक करावे. खात्यातून न सांगता पैसे गेले तर त्याच घटकेला बँकेला आणि 1930 या क्रमांकावर कळवावे. डिसेंबर 2017 मध्ये सहकारी बँकांच्या ग्राहकांसाठी रिझर्व्ह बँकेने असा नियम घातला की चूक ग्राहकाचीही नसेल आणि बँकेचीही नसेल, आणि बँकेकडून सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत त्याने कळविले, तर तोट्याचा भार ग्राहकावर पडू नये; आणि ग्राहक जबाबदार आहे हे सिद्ध करण्याचे ओझे बँकेवर ठेवले. हा हक्क फार थोड्यांना माहीत असतो. माहीत नसलेला हक्क कागदावरच राहतो.

परंतु घरापुरते पुरेसे नाही. आपण सहकारी बँकेचे सभासद असाल, तर दरवर्षी वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना येते. आपण सभेला जातो, लाभांश किती टक्के एवढे ऐकतो आणि चहा घेऊन परततो. यंदा उठून उभे राहा आणि नम्रपणे चार प्रश्न विचारा. सुट्टीच्या रात्री आपल्या बँकेचा पहारा कोण करतो? संशय आल्यास व्यवहार थांबविण्याचा अधिकार त्याला लेखी दिला आहे काय? बाहेरच्या कंपनीची कंत्राटी माणसे हे काम करीत असतील, तर त्यांचे शिक्षण, त्यांच्या पाळीचे तास आणि त्यांची नोकरी यांची हमी कोणी घेतली आहे? आणि हल्ला झाला असे धरून, सर्व यंत्रणा बंद करून पुन्हा सुरू करण्याची रंगीत तालीम शेवटी कधी झाली?

चोराला उपयोगी पडेल असा तपशील कोणी मागू नये; कुलपाची रचना कोणती, हे सभेत विचारावयाचे नसते. पण किल्ली कोणाकडे आहे आणि तो माणूस जागा आहे काय, हे मालकाने विचारलेच पाहिजे. संचालक म्हणतील, खर्च फार येतो. त्यांना सांगा की पहाऱ्याचा खर्च आम्ही लाभांशातून अर्धा टक्का कमी घेऊन सोसू. हे म्हणण्याची तयारी नसेल, तर प्रश्न विचारण्याचाही आपल्याला फारसा अधिकार उरत नाही.

बँकेत जो आकडा दिसतो तो कोणाच्या तरी आठ तासांचा, कोणाच्या निवृत्तीचा, कोणाच्या मुलीच्या शिक्षणाचा आकडा आहे. तो राखण्यासाठी चांगली यंत्रे हवीत, कडक नियम हवेत. आणि त्या यंत्रांपाशी पुरेसा पगार मिळणारा, नीट शिकविलेला आणि "थांबा" म्हणावयास न घाबरणारा माणूस हवा. तो माणूस नेमला गेला आहे की नाही, हे येत्या सर्वसाधारण सभेत आपण विचारून यावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.