वास्तुशिल्पी जॉर्ज विटेट
(वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



गेटवे ऑफ इंडियापुढे उभे राहून छायाचित्र काढविले नाही असे कुटुंब आपल्या ज्ञातीत विरळाच. परंतु त्या वास्तूचा शिल्पी कोण, असे विचारले असता वर्गात बहुधा शांतता पसरे, असा आम्हांस अध्यापनकाळी अनुभव येई.

जॉर्ज विटेट यांचा जन्म स्कॉटलंडमध्ये १८७८ साली झाला. एडिंबरो व यॉर्क येथे काम करून ते १९०४ साली मुंबईस आले आणि सरकारी वास्तुशिल्पी जॉन बेग यांचे साहाय्यक झाले. पुढे ते पद त्यांच्याकडेच आले.

व्हिक्टोरिया राणीच्या काळची मुंबई टोकदार कमानींची. बोरीबंदर स्थानक हा तिचा कळस. विटेट यांनी मात्र विजापूरकडे दृष्टी वळविली. आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचा घुमट पाहून गोलघुमट आठवावा, हे त्यांना अभिप्रेतच होते. कुर्ला व मालाड येथील दगडांनी ही इमारत १९१४ साली पुरी झाली. महायुद्धात तिचे रुग्णालय झाले, आणि संग्रहालय म्हणून ती १९२२ साली उघडली. नाशिकच्या एका वाड्यातील कोरीव लाकडी मंडप विकत घेऊन त्यांनी तो आत बसविला.

येथे आम्ही किंचित थांबतो. आपल्या गावोगावचे वडिलार्जित वाडे पडत आहेत. त्यांतील सागवानी खांब आणि नक्षीदार तुळया मोडीच्या भावाने जातात, आणि विकणारे आपणच असतो. परमुलखातून आलेल्या माणसास जे मोलाचे वाटले, ते आपणांस अडगळ वाटावे, याचा आम्हांस विषाद वाटतो.

गेटवेचे काम १९२४ साली संपले. खर्च सुमारे २१ लक्ष रुपये. समोरून यावयाचा सरळ रस्ता पैशाअभावी राहूनच गेला! २८ फेब्रुवारी १९४८ रोजी शेवटची ब्रिटिश पलटण याच कमानीतून निघून गेली. हे पाहावयास विटेट नव्हते. पन्नाशी न गाठताच १९२६ साली मुंबईतच त्यांचा अंत झाला.

ज्या कुटुंबांचा वाडा उतरविण्याचा विचार असेल, त्यांनी सुतारास बोलाविण्यापूर्वी मंडळाच्या चिटणीसांस एक पत्र टाकावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.