तराजूतील रोमन नाणे

रायपूरचा सदर बाजार ही सराफांची पेठ. जुनी चांदी येथे तोळ्यावर विकली जाते आणि पुष्कळदा थेट मुशीत जाते. नांगराच्या फाळाला लागलेले एखादे नाणे अशा पेढीवर आले, तर त्याची ओळख वितळण्यापूर्वीच पटली पाहिजे. नंतर उरते ती केवळ चांदी. छत्तीसगडात रोमन नाणे मिळणे अशक्य नाही. चकरबेढा येथे रोमन सम्राटांची सोन्याची नाणी सापडलेली आहेत.

सराफाचे पहिले साधन तराजू; नाणकशास्त्रज्ञाचेही तेच. ऑगस्टसचे रौप्य नाणे, म्हणजे देनारियस, न झिजलेले असल्यास सुमारे ३.९ ग्रॅम भरते. अशा तीन नाण्यांचा जवळजवळ नेमका एक तोळा होतो! (संस्कृतातील ‘दीनार’ हा शब्द याच नाण्यावरून आला, मात्र आपल्याकडे तो सोन्याच्या नाण्याला लागला.) इ. स. ६४ च्या सुमारास नीरोने एका रोमन पौंडातून ८४ ऐवजी ९६ नाणी पाडविली आणि चांदीचा कसही उतरविला. भारतात सापडणाऱ्या देनारियसांत त्यापूर्वीच्या नाण्यांचाच भरणा आहे, याचे एक कारण बहुधा हेच. व्यापाऱ्याला कस कळतो.

तथापि झिजलेले देनारियस आणि आपले आहत नाणे वजनात एकमेकांजवळ येतात. तेव्हा डोळ्यांनीच निर्णय करावा लागतो. आहत नाण्यावर सुटे ठसे असतात, मुखवटा नसतो. भारतात दोन रोमन प्रकार विशेष आढळतात. ऑगस्टसच्या नाण्यामागे त्याचे दत्तक पुत्र गायस व ल्युसियस उभे असून त्यांच्यामध्ये ढाली व भाले आहेत. टायबेरियसच्या नाण्यामागे हाती डहाळी घेतलेली स्त्री आसनावर बसलेली आहे.

खरी फसगत होते ती पश्चिम क्षत्रपांच्या नाण्यांनी. त्यांवरही राजाचे मुख आहे, भोवती ग्रीक वळणाची अक्षरे आहेत. पण ते सुमारे दोन ग्रॅमचेच असते, आणि उलटविताच बहुधा तीन कमानींचा पर्वत व ब्राह्मी लेख दिसतो. नहपानाच्या नाण्यांवर पर्वताऐवजी बाण व वज्र आहे. भोवतालची अक्षरे लॅटिन भासूनही वाचता येत नसतील, तर ती भारतीय कारागिराने केलेली नक्कल असू शकते, तीही मोलाचीच. कडेवर साच्याची रेघ दिसली, तर मात्र ओतीव बनावटीचा संशय घ्यावा.

जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा १८७८ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यास कळवावा लागतो. तोपर्यंत नाणे रिठ्याने किंवा चिंचेने घासू नये. घासण्यात पहिल्याने जातात ती कडेची अक्षरे.